आजोबांच्या .३२ कोल्टमधे काय बदलावं अन् कशाला हात लावू नये

अंबाजोगाईकडच्या एका पोरानं विचारलंय. आजोबांचं .३२ चं कोल्ट १९०३ पिस्तूल वारसानं त्याच्या नावावर लायसन्सला चढलंय, मॅगझीनमधे राऊंड (काडतुसं) अडकायलेत, साइट काही दिसत नाही, मॅगझीन एकच आहे, आणि यूट्यूबवर १९११ नावाचं दुसरं पिस्तूल कस्टम केलेले व्हिडिओ बघून त्याला वाटायलंय की हलका ट्रिगर, मोठ्या साइट, नव्या ग्रिप, पुढं कॉम्पेन्सेटर (झटका कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात तो तुकडा) आणि वरून चकाचक निकेल असं सगळं एकदाच करून टाकावं. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, रिटायर झाल्यावर लायसन्सवाल्या दुकानदाराकडं बसून जुनी हत्यारं उघडायचंच काम केलं, त्यामुळं थोडं लांबण लागंल पण सांगतो सगळं.

पहिलं म्हणजे भाऊ, तू बघतोस ते पिस्तूल वेगळं आणि तुझ्या कपाटातलं वेगळं. डिझाइन दोन्ही जॉन ब्राउनिंगचंच, कंपनी पण कोल्टच, पण १९११ हे .४५ चं फौजी पिस्तूल, किलोभराच्या वर वजन, त्यात गोळी सुटताना नळी आणि स्लाईड (वरचा मागंपुढं सरकणारा भाग) एकमेकांत लॉक असतात. तुझं १९०३ म्हणजे साधं ब्लोबॅक, लॉकबिक काही नाही, स्लाईडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा जोर ह्या दोनच गोष्टींवर ते काडतूस धरून ठेवतं. कोटाच्या खिशात बसावं म्हणून केलेलं, आठ राऊंडचं, अंगानं चपटं. १९०३ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत पाच लाखांच्या वर बनले, पण १९४५ नंतर त्याचं कारखान्यातलं काम बंदच झालं. १९११ चं तसं नाही, अमेरिकन सरकारनंच पंचवीस लाखांच्या वर घेतले आणि आजही कितीतरी कंपन्या बनवतात, म्हणून त्याच्या पार्टचा तिकडं बाजारच आहे. तुझ्या पिस्तुलाला तो बाजार नाही. जो पार्ट मोडंल तो दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या कोल्टमधून काढलेलाच मिळणार, हे डोक्यात ठेवून पुढचं वाच.

आता १९११ मधे लोक एवढं काय काय बदलतात ते उगं हौस म्हणून सुरू झालेलं नाही. १९११ साली अमेरिकन फौजेनं ते घेतलं तेव्हा त्याच्या साइट नखाएवढ्या बारीक होत्या, मागचा हॅमर अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं चावायचा, लांब ट्रिगरवर बारक्या हाताच्या शिपायाचं बोट पोचायचं नाही. मग १९२० च्या दशकात फौजेनंच सुधारून १९११ ए१ काढलं, ट्रिगर आखूड केला, ट्रिगरमागं फ्रेमला दोन्ही बाजूंनी खोलगट जागा दिली, ग्रिप सेफ्टीचं, म्हणजे मुठीमागं हातानं दाबली जाणाऱ्या सेफ्टीचं, शेपूट लांब केलं. म्हणजे पहिलं कस्टमायझेशन सरकारनंच केलेलं. नंतर निशाणेबाजीवाल्यांनी नळीला पुढून धरणारं बुशिंग गच्च बसवलं, स्लाईड फ्रेमवर हलू नये असं केलं, आणि १९७६ साली आयपीएससी ही नेमबाजी स्पर्धांची संघटना सुरू झाल्यावर पळत पळत मारायच्या स्पर्धांनी मोठ्या साइट, रुंद सेफ्टी, कॉम्पेन्सेटर हे सगळं आणलं. प्रत्येक बदलामागं एक दुखणं होतं. तुझ्या पिस्तुलात हॅमर स्लाईडच्या आत झाकलेला आहे, कातडं चावायचा प्रश्नच नाही, मग बीव्हरटेल (ते सेफ्टीचं लांब शेपूट) कशाला पाहिजे? आधी दुखणं सांग, मग औषध.

तुझं खरं दुखणं एकच दिसतंय, राऊंड अडकणं. त्याच्यावरच जास्त बोलतो.

.३२ एसीपी काडतूस १८९९ च्या काळातलं, त्याच्या बुडाला बारीकशी रिम असते जी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीच्या, बाहेर किंचित निघालेली असते, ९ एमएमला तशी नसते. मॅगझीनमधे वरच्या राऊंडची रिम खालच्या राऊंडच्या रिमच्या पुढं पाहिजे. ती जर मागं गेली तर दोन रिमा एकमेकांत अडकतात आणि वरचा राऊंड पुढं सरकतच नाही, स्लाईड कितीही ओढ. ह्याला रिमलॉक म्हणतात. भरताना प्रत्येक राऊंड पुढून घालून पार मागं टेकवायचा आणि वरचा खालच्याच्या पुढं बसलाय का ते बघायचं. आखूड टोकाचे होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेले) राऊंड असले की मॅगझीनमधे मागंपुढं हलायला जागा राहते आणि हा त्रास वाढतो, म्हणून अशा जुन्या पिस्तुलात साधे गोल नाकाचे फुल मेटल जॅकेटवाले (गोळीवर धातूचं आवरण असलेले), ७१ ग्रेन वजनाच्या आसपासचेच वापर. आपल्याकडं खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचे केएफ छापाचे मिळतात, ते गोल नाकाचेच येतात. त्यांचं पाकीट घेताना तारीख बघ आणि जुन्या पाकिटातले राऊंड नव्यात मिसळू नको. आजोबांच्या डब्यात राहिलेले हिरवट पडलेले राऊंड असतील तर ते मारून बघू नको अन् फेकू पण नको, लायसन्सवर नोंद असलेली काडतुसं आहेत ती, दुकानदाराला नाहीतर पोलीस स्टेशनला विचारून रीतसर जमा कर.

भरायची पद्धत बरोबर असून अडकत असेल तर मॅगझीन बघायचं. जुन्या हत्यारांच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ मॅगझीनच्याच निघतात हे मी फौजेत पण बघितलं, तिथं आमच्याकडं इशापूरचं ९ एमएम १ए होतं, म्हणजे ब्राउनिंग हाय पॉवरच, आणि जवान तक्रार घेऊन कोतमधे (शस्त्रागारात) आला की आधी पिस्तूल नाही उघडायचं, आधी मॅगझीन बदलून बघायचं. मॅगझीनच्या वरच्या दोन ओठांवर, म्हणजे राऊंड धरून ठेवणाऱ्या आत वळलेल्या कडांवर, सगळा खेळ असतो. ते कुठंतरी पडून वाकले, किंवा कुण्या शहाण्यानं पक्कड घेऊन सरळ केले, की राऊंड एकतर खाली तोंड करतो नाहीतर दोन-दोन वर उसळतात. दुसरं स्प्रिंग. आजोबांनी वर्षानुवर्षं मॅगझीन भरूनच ठेवलं असंल तर ती जुन्या पोलादाची स्प्रिंग दबून मेलेली असणार. बाहेर काढल्यावर ती मॅगझीनच्या उंचीपेक्षा बरीच लांब उसळली पाहिजे, बरोबरीला आली की गेली समज. स्प्रिंग बदलायचं काम छोटं आहे, पैसे पण फार नाहीत, आणि तुझ्या यादीतल्या सगळ्या वस्तूंपेक्षा फरक ह्यानंच पडणार.

तिसरी रिकॉइल स्प्रिंग, नळीच्या खाली असते ती. ब्लोबॅकमधे हिचं महत्त्व लॉकवाल्या पिस्तुलापेक्षा जास्त. ती ढिली झाली की स्लाईड मागं येऊन फ्रेमवर धाडकन आपटती, दर राऊंडला आपटती, आणि ऐंशी-शंभर वर्षांच्या लोखंडाला एक दिवस चीर पडती. ओळखायचं कसं, तर रेंजवर रिकामी केस कुठं पडतीय ते बघ, पूर्वीपेक्षा लांब उडायला लागली, हाताला झटका कडक यायला लागला, तर स्प्रिंग बघायची वेळ झाली. काहीजण म्हणतात मग एकदम कडक स्प्रिंग टाकू. तसंही नको. जास्त कडक झाली की स्लाईड पुरती मागं जातच नाही, केस बाहेर पडायच्या आतच दारात अडकती, आणि पुढं येताना पण एक्स्ट्रॅक्टरवर (केस ओढून काढणाऱ्या आकड्यावर) मार बसतो. कारखान्यानं दिलेली होती तेवढ्याच जोराची पाहिजे.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं वाटंल पण ह्याच्यात आपल्याकडची पोरं फसतात. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मधे नुसतं बनवणं-विकणं नाही, दुरुस्ती आणि रूपांतर करायलाही लायसन्स लागतं असं लिहिलंय. तुझं लायसन्स बाळगायचं आहे, दुरुस्तीचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्या कलमाच्या उल्लंघनाला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. साफसफाई तुझी तू कर, पण गावातल्या लेथवाल्याकडं, वाळूजच्या कुठल्या वर्कशॉपला, ओळखीच्या वेल्डरकडं पिस्तूल ठेवून यायचं नाही, त्याच्या हातात दिलं की तो पण अडकला आणि तू पण. पार्टचंही तसंच, कायद्याच्या व्याख्येत हत्याराचे भाग पण हत्यारच, तवा परदेशी साइटवरून नळी-स्लाईड ऑर्डर करून कस्टममधे नाव लावून घेऊ नको, त्याला इम्पोर्टचं वेगळं लायसन्स लागतं. काम करून घ्यायचं ते दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या दुकानातच, पावती घेऊन. आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असंल तर निघायच्या आधी लायसन्सवर एरिया काय लिहिलाय तो बघ, जिल्हा की महाराष्ट्र.

कॉम्पेन्सेटरचं तर विषयच सोड. तो चालतो नळीतून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या जोरावर, .३२ मधे तेवढा गॅसच नसतो, तोंडावर लटकवलेलं उगं एक वजन होईल. वरून नळीला आटे पाडावे लागणार. आणि आवाज किंवा जाळ कमी करणारी कुठलीही जोडणी कायद्यात अग्निशस्त्राच्याच व्याख्येत येते, तू म्हणशील माझं तसलं नाही, पण नाकाबंदीवर उभ्या असलेल्या हवालदाराला ते सायलेन्सरच दिसणार आहे, मग तिथं त्याला गॅसचं शास्त्र समजावत बस.

ट्रिगर हलका करायचं म्हणालास. चाप हलका म्हणजे आतला सियर (हॅमरला अडवून धरणारा तुकडा) आणि हॅमर यांची पकड बारीक करणं. १९११ मधे नवीन पार्ट, मोजायची साधनं, आणि आयुष्यभर तेच काम केलेला माणूस असतो, तरी तिथं पकड जरा जास्त गेली की स्लाईड बंद होतानाच्या दणक्यानं हॅमर आपोआप खाली येतो, एकदा दाबल्यावर दोन गोळ्या जातात. तुझ्या कोल्टमधे हॅमर आत झाकलेला, तो चढलाय का उतरलाय हे बाहेरून बघून कळतच नाही, आणि फायरिंग पिनला अडवणारा वेगळा ब्लॉक पण ह्या मॉडेलला नाही. अशा पिस्तुलाचा चाप हलका करणं मी कधी केलं नाही आणि कुणाला करू पण देणार नाही. तुला जो चाप जड वाटायलाय त्यातलं निम्मं जड आतल्या वाळलेल्या तेलाचं आणि लोकरीच्या धाग्यांचं असणार, नीट उघडून धुतल्यावर बघ. खिशात घेऊन फिरणार असशील तर चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं ठेव, एवढं ऐक. आणि ग्रिप सेफ्टी काम करतीय का तेही दुकानात तपासून घे, रिकाम्या पिस्तुलात ती न दाबता चाप ओढला तर हॅमर पडायला नाही पाहिजे. काहीजणांनी ती दोऱ्यानं नाहीतर टेपनं दाबून बांधून टाकलेली मी बघितलीय, का तर म्हणे पकडताना हुकती. हुकती म्हणजे पकड चुकायलीय.

साइटला मात्र एक साधा उपाय आहे. स्लाईड मिलिंग करून मोठी साइट बसवायचं नाव काढू नको, त्यात पिस्तूल कायमचं गेलं. पुढची मक्खी (पुढची साइट) स्पिरिटनं पुसून तेल काढ, आधी पांढऱ्या रंगाचा पातळ थर, वाळला की वर भडक केशरी नेलपॉलिश, फक्त डोळ्याकडच्या तोंडावर. घरातल्या कुणाची तरी बाटली मिळंलच. उन्हात चांगलं दिसतं, नको वाटलं की ॲसिटोननं निघून जातं, मूळ काही बिघडत नाही. मागची साइट खाचेत बसवलेली असते, गोळ्या डावी-उजवीकडं जात असतील तर ती जरा सरकवता येते, पण तेही दुकानात पितळी पंच घेऊन, घरी हातोडी-खिळा घेऊन नाही. आणि हे दहा मीटरच्या आतलं पिस्तूल आहे, पंचवीस मीटरवर ग्रुप येत नाही म्हणून त्याला दोष देऊ नको.

ग्रिप बदलायला माझी हरकत नाही, उलट तेवढीच हौस ह्याच्यात बिनधास्त करता येते कारण यंत्रणेला हात लागत नाही. जुन्या कोल्टला कडक रबराच्या ग्रिप यायच्या, नंतर अक्रोडाच्या. रबराच्या असतील तर वयानं ठिसूळ झालेल्या असतात, स्क्रू जरा जास्त पिळला की कोपरा तुटला. शिसवीच्या पट्ट्या करून घे, आपल्याकडं शिसवीवर काम करणारे चांगले सुतार आहेत. सुताराकडं पिस्तूल न्यायचं नाही, फक्त जुन्या पट्ट्या माप म्हणून न्यायच्या. लाकूड चांगलं सुकलेलं पाहिजे, नाहीतर एप्रिलच्या ४२ डिग्रीत वाकडं होऊन फ्रेमपासून सुटतं. वार्निश जाड मारू नको, अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात पुरे, पकड चांगली राहते. स्क्रू मूळचेच वापर, अमेरिकन आट्याचे असतात, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा स्क्रू बळजबरीनं फिरवला तर फ्रेममधले आटेच जातात. आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत गच्च बसणारं घासून घे, जुन्या पिस्तुलांच्या स्क्रूंची तोंडं बघितली की आधी कुणाकुणाच्या हातात गेलं होतं ते कळतं. मूळ पट्ट्या कागदात गुंडाळून जपून ठेव, फेकू नको.

निकेलचं तू दोनदा विचारलंस म्हणून सांगतो, नाही. निकेल मारायच्या आधी बफिंग करतात, बफवर कोल्टचा घोडा, पेटंटच्या तारखा, सगळं पुसट होतं, कडा गोल होतात. सिरियल नंबर पुसट झाला तर तो वेगळाच गुन्हा, कलम ८ मधे हत्यारावरचा नंबर किंवा खूण खोडणं, बदलणं सरळ मनाई आहे, मी खोडला नाही बफिंगमधे गेला हे कोण ऐकून घेणार? आजोबांच्या हाताच्या घामानं जिथं जिथं काळा रंग उडालाय ते तसंच राहू दे, जाणकार माणूस त्याचेच पैसे जास्त देतो.

त्यापेक्षा गंज थांबव. आपल्याकडं दोन सवयी फार वाईट. एक, चामड्याच्या होल्स्टरमधे घालून कपाटात ठेवायचं. चामडं पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षार पण असतात त्यात, सहा महिन्यांनी बाहेर काढलं की होल्स्टरच्या शिवणीची नक्षी गंजात उमटलेली. दुसरी, खंडेनवमीला शस्त्रपूजा करताना वरून पाणी शिंपडून हळद-कुंकू चोळायचं आणि तसंच देवापाशी दोन दिवस. पूजा कर, अवश्य कर, पण खाली ताम्हण ठेव, कुंकू कपड्यावर लाव, हत्यार रिकामं करून ठेव, संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरव. तेल म्हणजे खोबरेल नाही बरं का. लई जण खोबरेलच लावतात. ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की आत चिकट राळ होते, मी म्हणलं ना मघाशी चापाचं, त्यातलं बरंच हेच निघतं. गन ऑइल मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालंल, पण थेंबभर, आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ जास्त तेलावर बसून तिचीच पेस्ट होते. नळीत आधीच खड्डे असतील तर ते जुन्या काळच्या काडतुसांमुळं, त्यांच्या प्राइमरमधून मिठासारखा क्षार नळीत राहायचा आणि हवेतली ओल ओढायचा. खड्डे जात नाहीत, पण पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) तेलकट चिंदी लावून ओढत राहिलास तर वाढत नाहीत.

आणि तुला खरंच पिस्तूल आपल्या हाताला घडवायची हौस असंल, निशाणेबाजीची, तर ती ह्या कोल्टवर भागवू नको. .१७७ च्या एअर पिस्तुलापासून सुरू कर, २० जूलच्या आत ताकद असली तर लायसन्स लागत नाही. तिथं कस्टमायझेशनला वावच वाव आहे, आणि सगळं नियमांत मापून दिलेलं. १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा पाहिजे, २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा, मॅचच्या आधी वजन लटकवून तपासतात. ग्रिप तर नेमबाज लोक स्वतः घडवतात, लाकडाची पुट्टी लावायची, ओली असताना मूठ आवळायची, वाळल्यावर जिथं टोचतंय तिथं कानस मारायची, परत लावायची, महिनोन्‌महिने चालतं ते. राही सरनोबत कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडला २५ मीटरमधे सोनं आणलं, तिच्या पिस्तुलाचे फोटो बघ कधी, पिस्तूल कमी अन् हाताचा साचा जास्त वाटंल. चापाचं वजन कमी-जास्त करायची, साइट क्लिकवर फिरवायची हौस तिथं कायदेशीर पुरी होते, त्यासाठी आजोबांच्या पिस्तुलाला कानस लावायची गरज नाही.

तर आता कर काय, दुकानात नेऊन पूर्ण उघडून धुवून घे, मॅगझीन स्प्रिंग आणि रिकॉइल स्प्रिंग बदलून घे, दुसरं मॅगझीन मिळतंय का ते त्यालाच शोधायला सांग, कोल्टचंच बघ, बाजारात नक्कल केलेली पण फिरतात. लायसन्सवरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर जुळतोय का तेही तिथंच वाचून घे, वारसाच्या नोंदीत एखादा आकडा चुकलेला असला तर कलेक्टर ऑफिसात आत्ताच दुरुस्त होतो, पाच वर्षांनी नूतनीकरणाला गेल्यावर गोंधळ होतो. आणि लग्नाच्या वरातीत कुणी दादा-काका म्हणाला काढ रे एक बार, तर पिस्तूल घरी आहे म्हणून सांग. हौसेच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड, आणि लायसन्स जातं ते वेगळंच.

मॅगझीन रिकामं करून त्याच्या ओठांचा वरून आणि बाजूनं फोटो काढून पाठव. पिस्तुलाचा पाठवलास तर नंबर झाकून पाठव. ओठ बघितल्याशिवाय राऊंड अडकण्याचं ह्याच्यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही.